दारापाशी येणारा वास

दिवटीने एवढंच ठरवलं होतं, की होणाऱ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला चादर द्यायची नाही.

तसा हा निश्चय इतिहासात नोंद व्हावी असा नव्हता. पण त्यापायी पुढे एका घरातले पडदे गेले, पायपुसणी गेली, एका सज्जन गृहस्थाची बसायची जागा गेली आणि दिवटीची जी लाज गेली ती अजून परत आलेली नाही. म्हणून सुरुवात चादरीपासूनच करायला हवी.

चादर आईने काढली होती. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

"ही दे. कोरी करकरीत आहे. आपल्याला कुणीतरी दिली होती, मी उघडलीसुद्धा नाही."

"म्हणजे तेही उघडणार नाहीत, पुढे कुणाला तरी देतील. आई, ही चादर नाही, ही फिरतीवरची नोकरदार आहे."

"मग तू काय देणार? मेणबत्ती?"

आईने हे कुत्सितपणे विचारलं होतं. दिवटीला वाटलं, वा, काय कल्पना आहे!

दिवटी हे तिचं कागदोपत्री नाव नव्हे. केमिस्ट्रीची चांगली पदवी, त्यावर औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली चांगली नोकरी, आणि एके दिवशी ती सोडून मुलगी मेण वितळवत बसली, तेव्हा वडिलांनी कपाळावर हात मारून "काय आमची दिवटी!" असं जे म्हटलं ते चिकटलं. ती सुवासिक मेणबत्त्या करायची. पण दुकानात मिळतात तशा नव्हेत. शहराबाहेरच्या भट्टीवर एक कारागीर लांब नळीतून फुंकून तिला एकेक काचेचं भांडं करून द्यायचा. कुठलं किंचित बुटकं, कुठलं किंचित कललेलं. त्यात ती स्वतः मिसळलेल्या अत्तरांचं मेण ओतायची, काळ्या पेटीत रेशमी कागदाच्या गादीवर निजवायची आणि वरून फीत बांधायची. ज्यांच्याकडे सगळं आहे अशांनी, ज्यांच्याकडे सगळं आहे अशांना द्यायची ती वस्तू होती. त्यामुळे धंदा बरा चालला होता.

अडचण होती ती जागेची. हे सगळं चालायचं आईच्या स्वयंपाकघरात. भाजीला लव्हेंडरचा वास यायचा, चहाला गुलाबाचा, आणि बाबा ऑफिसात डबा उघडायचे तेव्हा शेजारचे लोक "कुणी सेंट मारला?" म्हणून एकमेकांकडे बघायचे. लग्न ठरलं तेव्हा दिवटीच्या आईला मुलगी जाणार याचं दुःख झालं आणि बाटल्या जाणार याचा आनंद झाला, आणि तो तिला नीट लपवता आला नाही.

तर होणाऱ्या सासरी एक मागची खोली होती. बैठं घर. पुढे फाटक, मागे परसू आणि परसाकडे ही रिकामी खोली. ओटा, नळ, भलीमोठी खिडकी. ती पाहिल्यापासून दिवटीला रात्री नवऱ्याची स्वप्नं पडायची थांबून ओट्याची पडायला लागली होती. तिने खोली सरळ मागितली. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "बघू."

बघू! या एका शब्दावर त्या अख्ख्या पिढीने आयुष्य काढलंय, असं दिवटीचं मत होतं. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, समोरच्याला दोरीवर वाळत घालायचं आणि आपण चहा प्यायचा. सासूबाई तर निवृत्त मुख्याध्यापिका. 'बघू' म्हणताना त्या चष्म्याच्या वरून अशा बघायच्या, की समोरच्याला आपण गृहपाठ विसरलोय असं वाटावं.

तेव्हा आता भेट अशी द्यायची, की 'बघू'चं 'घे' झालं पाहिजे. दिवटीने होणाऱ्या नवऱ्याला गाठलं. (हा गृहस्थ घराला आग लागली तरी आधी चप्पल शोधेल अशा स्वभावाचा. तिने त्याचं नाव थंडोबा ठेवलं होतं आणि त्यालाही ते पटलं होतं.)

"मी तुमच्या घराचा वास करणार आहे. मेणबत्तीत."

"आमच्या घराला वास येतो?"

"प्रत्येक घराला येतो. तुला कळत नाही, कारण तू त्यात राहतोस. नाक रोजच्या वासाला दादच देत नाही. बाहेरून आलेल्यालाच तो कळतो, आणि तोही नाक तयार असलेल्याला." इथे तिने स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं. "विचार कर, काकूंनी मेणबत्ती लावली आणि त्यांच्या संसाराचा वास खोलीभर पसरला! रडतील त्या."

"रडतील," थंडोबा म्हणाला. तो सहमत होता, की काळजीत होता, ते त्याच्या बाबतीत कधीच कळायचं नाही.

या कामाचीही एक शिस्त असते. दिवटीने आधी नाकाला सुट्टी दिली. बाटल्यांना हात लावला नाही, मेण तापवलं नाही, बिनवासाच्या साबणाने न्हायली, कपडे साध्या पाण्यातून काढले. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून निघालेल्या डॉक्टरच्या थाटात ती नाक घेऊन सासरी निघाली. दारात शिरून नेहमीची कॅनव्हासची पिशवी खुंटीला अडकवली आणि कामाला लागली.

आता दुसऱ्याच्या घरात वास घेत हिंडणं हे सभ्य माणसासारखं दिसत नाही, याचा तिने विचार केला नव्हता. होणारे सासरे खोलीत आले तेव्हा ती त्यांच्या आरामखुर्चीच्या पाठीत नाक खुपसून उभी होती. ते चांगले गृहस्थ. वीज कार्यालयात कारकुनी करून निवृत्त झालेले. ते आल्या पावली परत गेले. नंतर मात्र त्यांनी मुलाला हळूच विचारलं, "हिला चष्मा लागलाय का रे?"

सासूबाईंनी तिला पकडलं ते कपड्यांच्या कपाटात डोकं घातलेलं असताना.

"काही हवंय का?"

"बाथरूम शोधत होते, काकू."

"आमच्या बाथरूममध्ये हँगर नसतात," सासूबाई म्हणाल्या आणि कपाटाचं दार हळूच, तिचं डोकं बाहेर येईपर्यंत थांबून, लावलं.

सगळ्यात घात केला तो आत्याबाईंनी. सासऱ्यांच्या या थोरल्या बहीण तिथेच राहायच्या. मनात आलेलं तोंडात यायला त्यांना वेळ लागायचा नाही. घरातल्या बोळात डोळे मिटून लांब लांब श्वास घेणारी मुलगी पाहून त्या म्हणाल्या, "अगंबाई, नाक चोंदलंय पोरीचं!" आणि नको नको म्हणेपर्यंत त्यांनी दिवटीच्या नाकाखाली बाम चोळला. त्या दिवशीची पाहणी तिथेच आटोपली. नाकाला पुन्हा सुट्टी द्यावी लागली.

पण शेवटी घर हाती लागलं. जुनी पुस्तकं, इस्त्रीचे कपडे, कपाटातल्या डांबरगोळ्या, सासऱ्यांच्या गुडघ्यांचं मलम, आणि खिडकीतून येणारा ओल्या मातीच्या कुंड्यांचा वास. साधा, स्वच्छ, थोडा म्हातारा. दिवटीला तो आवडला. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. हॉलमधून निघून पुढच्या दारापाशी आलं, की एक वेगळाच वास नाकावर आदळायचा. गोड, चिकट, डोक्यात जाणारा. गुलाब, व्हॅनिला, लवंग आणि लिंबू यांचं आपापसात अजिबात न पटणारं एकत्र कुटुंब. दिवटीने नाक मुरडलं. यांनी दारात शिंपडायला कुठला तरी स्वस्त फवारा आणला असणार, वर्षानुवर्षं मारला असणार, आणि आता यांना स्वतःला तो येतही नसणार. जुन्या पिढीची आवड, दुसरं काय!

दुसरा कुणी असता तर तो वास वगळून मोकळा झाला असता. पण दिवटी कलावंत होती. (आणि कलावंत असल्याचं तिला विसरता येत नसे.) तिने ठरवलं, खोटं बोलायचं नाही. मेणात तो वासही उतरवायचा. नवल म्हणजे, मातीच्या वासासाठी तिला कितीतरी डोकं खाजवावं लागलं, पण हा दारापाशीचा वास चुटकीसरशी जमला. आपल्या फळीवरच्या प्रत्येक बाटलीतले दोन-दोन थेंब एकत्र केले, की हुबेहूब तोच. यावरून तिने आपल्या हातात जादू आहे असा निष्कर्ष काढला. दुसरा निष्कर्ष निघू शकतो, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

वाढदिवसाच्या दिवशी पेटी उघडली गेली. काचेचं भांडं मधाच्या रंगाचं होतं, तळाशी जाड आणि कडेला पातळ.

"काचेत बुडबुडा राहिलाय," आत्याबाई म्हणाल्या. "दुकानदाराने सेकंडचा माल गळ्यात मारला तुझ्या."

"आत्या, बुडबुडा म्हणजे हाताने केल्याची खूण असते."

"हो का? मग मी हाताने केलेल्या स्वेटरला भोक राहिलं होतं तेव्हा सगळे का हसले?"

"वन्सं, पाहू तर द्या," सासूबाई म्हणाल्या.

"लाइट गेले की कामाला येईल," सासरे मनापासून म्हणाले.

"काका, ही लाइट गेल्यावर लावायची मेणबत्ती नाही!"

"मग केव्हा लावायची?"

"लाइट असताना."

सासऱ्यांनी मान डोलावली. नव्या पिढीच्या पुष्कळ गोष्टींना ते अशीच मान डोलवायचे.

मेणबत्ती लागली. थोडा वेळ काही झालं नाही. मग वरचं मेण पातळ झालं आणि खोलीत पुस्तकं आली, इस्त्री आली, कुंड्या आल्या. सासरे म्हणाले, "अरेच्चा, हे तर माझं मलम!" सासूबाईंनी चष्मा काढला आणि पुसला. त्या चष्मा असा विनाकारण कधी पुसत नसत. दिवटीला डोळ्यांसमोर ओटा दिसू लागला.

तिने इथे थांबायचं होतं. कुठल्याही शहाण्या मुलीने इथे थांबून चहा घेतला असता.

"आता शेवटचा वास येईल बघा," ती म्हणाली. "तो तुमच्या पुढच्या दारापाशी असतो. गोड, चिकट, जरा... काय म्हणू, जरा स्वस्त. तुम्हाला तो येत नाही, सवयीमुळे. पण येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा तोच येतो."

सासूबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"येणाऱ्या प्रत्येकाला?" सासूबाईंनी विचारलं.

"प्रत्येकाला."

"इतकी वर्षं?"

"असणारच ना, काकू. असे वास एका दिवसात मुरत नाहीत."

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं. त्यांच्या शाळेत तपासणीला आलेल्या कुठल्याही साहेबाला कधी एक शेरा मारायला जागा मिळाली नव्हती, आणि आज त्यांच्या स्वतःच्या घराला शेरा मिळाला होता. आजवर कोण कोण त्या दारातून आत आलं होतं, कोण बसलं होतं, कोण लवकर उठून गेलं होतं, हे त्या मनात आठवत असाव्यात. चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. दिवटीला वाटलं, कलेचा परिणाम.

"वहिनी, पण मेणबत्तीला तर—" आत्याबाईंनी तोंड उघडलं.

"वन्सं, चहा," सासूबाई म्हणाल्या. आत्याबाईंनी तोंड मिटलं, ही गोष्ट त्या घरात पूर्वी कधी घडली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी पायपुसणं गेलं. थंडोबाने फोनवर सांगितलं, "आईने बाहेर टाकलं. तू येऊन बघतेस का, वास गेला का ते?"

दिवटी गेली, पिशवी खुंटीला अडकवली, हॉलमध्ये बसून पाणी प्यायली आणि दारापाशी जाऊन नाक वर केलं.

"नाही. आहे अजून."

मग चपलांची फळी गेली. दिवटी आली. "आहे." मग पडदे उकळत्या पाण्यातून काढले, ते आटून रुमालाएवढे झाले. "आहे." मग दाराला नवा रंग दिला. "काकू, आता रंगाचा वास येतोय, पण त्याच्या मागे तो आहेच." गंमत म्हणजे ती नसताना घरातल्या कुणालाही काही येत नसे. सासरे तर दाराला नाक लावून दोन्ही बाजूंनी हुंगत, मग ओशाळून म्हणत, "आमची नाकंच मेली असतील."

"साहजिक आहे, काका," दिवटी समजूत घाली. "वय."

सासूबाईंनी आता लोकांना घरी बोलावणं बंद केलं होतं. शेजारीण आली तर त्या स्वतःच लगबगीने फाटकापर्यंत जात आणि तिथेच उभ्या राहून बोलत. ज्या बाईसमोर चारशे पोरं चिडीचूप बसायची, ती आता घंटी वाजली की दचकायची. दिवटीच्या हे लक्षात येत होतं का? येत होतं. पण तिला वाटत होतं, बरंच झालं, जुन्या लोकांनी कधीतरी स्वतःकडे बाहेरच्याच्या नजरेने बघायला नको का? आणि मनाच्या एका कोपऱ्यात हेही होतं, की वास गेला की श्रेय आपलं, आणि श्रेय आपलं की खोली आपली.

शेवटी राहिली आरामखुर्ची. ती दारापासून जवळच असायची. सासऱ्यांच्या बसण्याने तिच्यात एक खळगा पडला होता, आणि तो फक्त त्यांच्याच मापाचा होता. दुसरं कुणी बसलं की ते एका बाजूला कलंडायचं.

"कापूस जुना आहे," दिवटी खुर्चीभोवती फिरत म्हणाली. "कापूस वास धरून ठेवतो."

सासऱ्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. "माझ्यामुळेच येत असेल मग," ते म्हणाले. "मीच बसतो तिच्यात." आणि भंगारवाल्याला त्यांनी स्वतः हाक मारली. खुर्ची गाडीवर चढली तेव्हा ते घरात निघून गेले. त्यानंतर ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पेपर वाचू लागले. स्टुलाला पाठ नव्हती, त्यामुळे बातमी वाईट असली तरी त्यांना मागे टेकता येत नसे.

पुढच्या खेपेला दिवटीच्या पिशवीचा पट्टा तुटला. तिने फोन आणि किल्ली खिशात टाकली आणि तशीच निघाली. सासरी सगळे रांगेत उभे होते, निकाल लागायचा असावा तसे. दिवटी हॉलमध्ये बसली, पाणी प्यायली, उठून दारापाशी गेली. श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"गेला!"

"गेला?" सासूबाईंचा आवाज फुटला.

"पूर्ण गेला. खुर्चीच होती, काकू!"

सासूबाई स्टुलावर मटकन बसल्या आणि चक्क हसल्या. सासऱ्यांनीही आनंद दाखवला. तो दाखवतानाच त्यांनी सवयीने खुर्चीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि मान वळवली. आत्याबाई मात्र दिवटीच्या जवळ आल्या, नाक पुढे करून म्हणाल्या, "आज हिच्या अंगाला—"

"वन्सं!"

दिवटी घरी आली ती तरंगत. दिवसभर बाहेर होती, मोकळ्या हवेत चालली होती, नाक कसं धुतल्यासारखं लख्ख होतं. तिने आपल्या खोलीचं दार उघडलं.

गोड. चिकट. गुलाब, व्हॅनिला, लवंग, लिंबू.

पहिल्यांदा तिला वाटलं, तो वास आपल्या पाठोपाठ आला. मग तिचं लक्ष दारामागे गेलं. तिथे तुटक्या पट्ट्याची पिशवी लोंबत होती. तिने पिशवी उतरवली, उलटी केली, अस्तर बाहेर काढलं. अस्तरावर एकावर एक नकाशे पडले होते. गिऱ्हाइकांकडे नेलेल्या नमुन्यांच्या बाटल्या, प्रत्येक थोडी थोडी गळलेली. नाकाला सुट्टी दिली होती, कपडे धुतले होते, केस धुतले होते. पिशवी धुवायची असते, हे कुठल्या पदवीच्या अभ्यासक्रमात होतं?

दिवटी पलंगावर बसली. आधी तिने स्वतःला समजावलं, की हे कुणालाच कळलेलं नाही. पिशवी जाळली, की संपलं. पण डोळ्यांसमोर सारखे येत राहिले ते स्टुलावर ताठ बसलेले सासरे. 'माझ्यामुळेच येत असेल मग.' आणि आपण तेव्हा काय केलं? मान हलवली. फाटकाशी उभ्या राहून शेजारणीशी बोलणाऱ्या सासूबाई. 'साहजिक आहे, काका. वय.' हे वाक्य आठवल्यावर तिने उशी तोंडावर दाबून धरली. उशीलाही तोच वास येत होता.

सकाळी ती भंगाराच्या दुकानात पोहोचली तेव्हा भंगारवाला आरामखुर्चीत बसला होता. एका बाजूला कलंडून.

"ही खुर्ची मला परत हवी."

"ही? ही मी ठेवून घेतलीय. बसायला झकास आहे."

"तुम्ही कलंडताय तिच्यात."

"सवय होईल."

दिवटीने एरवी बड्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली काळी पेटी पुढे केली. निळसर काच, चंदनाचं मेण, रेशमी कागद, फीत. "ही घ्या बदल्यात. खास हाताने केलेली आहे."

भंगारवाल्याने मेणबत्ती बाहेर काढून उन्हात धरली, हुंगली, परत ठेवली. "काच रंगीत आहे, बाई. रंगीत काच आम्ही घेत नाही." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, तो उठला. "न्या खुर्ची. रडू नका."

हातगाडीवर खुर्ची, शेजारी तुटकी पिशवी, आणि मागून दिवटी, अशी ती मिरवणूक फाटकातून आत आली. थंडोबाने पुढे होऊन खुर्ची उतरवली. सासरे स्टुलावरून उठले, खुर्चीकडे बघत राहिले, पण बसले नाहीत. वासाची भीती.

"बसा, काका," दिवटी म्हणाली. "खुर्चीला काही झालेलं नाही. पडद्यांना नव्हतं, पायपुसण्याला नव्हतं, तुमच्या नाकांनाही नव्हतं." तिने पिशवी चहाच्या टेबलावर ठेवली आणि मान खाली घातली. "हा वास होता. माझ्या पिशवीचा. मीच आणायची, मीच खुंटीला टांगायची आणि मीच तुम्हाला नावं ठेवायची. मला फार लाज वाटतेय, काकू. माझ्यामुळे तुम्ही लोकांना घरात घेणं बंद केलंत."

दिवटी ओरडा खायला तयार होती. ओरडा बसला असता तर बरं झालं असतं.

"हा वास?" सासूबाईंनी पिशवीकडे लांबूनच पाहिलं. "अगं, हा तर आम्हाला माहीत आहे. हा तुझा वास."

"माझा?"

"तू फाटक उघडलंस की येतो. हे लगेच चहाचं आधण ठेवायला सांगतात."

"मला वाटायचं, एखादा महागातला सेंट असेल," सासरे संकोचून म्हणाले.

"मग... मग तुम्ही इतके दिवस काय शोधत होता?"

"घराचा वास! तू म्हणालीस ना, घराला आणखी एक वास आहे, आम्हाला न येणारा. हा तर आम्हाला येत होता. तेव्हा तो दुसराच असणार."

"अगं, मेणबत्तीतून तर धो धो येत होता तुझा वास," आत्याबाई म्हणाल्या. त्यांना आता कुणी अडवत नव्हतं. "मी त्याच दिवशी सांगत होते. तर वहिनी म्हणतात, हाताने केलेली वस्तू आहे, हाताचं थोडं उतरणारच!"

दिवटीने थंडोबाकडे पाहिलं. "तुलाही येत होता?"

"पहिल्यापासून."

"आणि तू गप्प बसलास? पडदे उकळले, दार रंगवलं, तरी?"

"तू म्हणालीस, तुझं नाक तयार आहे," थंडोबा शांतपणे म्हणाला. "मला वाटलं, तयार नाकाला स्वतःचा वास कळत असेल."

दिवटीला वाटलं, आता परसातल्या कुंडीत जाऊन उभं राहावं आणि कुणीतरी वरून माती लोटावी. ज्यांच्या नाकांना ती मेलेली समजत होती, ती नाकं तिला येता-जाता सोसत होती, आणि वर तिच्यासाठी आधण ठेवत होती. तिने मोठ्या कष्टाने तोंड उघडलं. "काकू, आता मी मागची खोली मागणार नाही. तेवढा अधिकार मला राहिलेला नाही."

"खोली?" सासूबाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "ती तर तू पहिल्यांदा घरी येऊन गेलीस, त्याच संध्याकाळी आम्ही तुला द्यायची ठरवली."

"त्याच संध्याकाळी? पण तुम्ही तर 'बघू' म्हणालात!"

"बघायचंच होतं. त्या खोलीला परसाकडून वेगळं दार आहे, ते गंजलं होतं. उघडतंय का ते बघायचं होतं."

"उघडतं आता," सासरे आपल्या खळग्यात हळूच बसत, सुखाने डोळे मिटत म्हणाले. "मी तेल घातलंय. वारंही तिथून बाहेरच जातं. तू आपली ये-जा तिकडूनच करत जा, बाळ."